समुद्रातली पवनचक्की की जमिनीवरची? नाशिकच्या छोट्या फॅब्रिकेटरसाठी

अंबड, सातपूर किंवा सिन्नरला छोटं युनिट असणारे बरेच जण सध्या एकच गोष्ट विचारतात: पवनऊर्जेचं काम धरायचं, तर समुद्रातल्या प्रकल्पांसाठी तयारी करावी की जमिनीवरच्या टॉवरचंच काम घ्यावं? आम्ही टॉवरच्या आत बसणाऱ्या शिड्या, प्लॅटफॉर्म आणि केबल ट्रे बनवतो. दोन्हीकडे सँपल देऊन मी जमिनीवरची बाजू धरली आहे. तुमचं गणित वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

कागदावर समुद्राची बाजू भक्कम दिसते. जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची अनुदान योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यालगतच्या प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी, आणि ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. वीज किनाऱ्यावर आणण्याची व्यवस्था पॉवरग्रिड ही सरकारी पारेषण कंपनी करणार, आणि २०३२ अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क (दुसऱ्या राज्यात वीज वाहून नेण्याचं भाडं) माफ.

जमिनीवरच्या पवनऊर्जेला एवढा ठळक आधार आता नाही. युनिटमागे ५० पैशांचं प्रोत्साहन मार्च २०१७ मध्ये संपलं, घसाऱ्याची सवलत ८० टक्क्यांवरून ४० वर आली आणि सर्वात कमी दर देणाऱ्याला प्रकल्प देणारे लिलाव सुरू झाले. विजेचा युनिटमागे ३.४६ रुपयांचा दर त्याच वर्षात २.४३ पर्यंत उतरला. वरचा दर पडला की शेवटी शिडीचा किलोमागचा भाव पडतो, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको.

तरी काम आहे. मार्च २०२५ मध्ये देशाची पवनक्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली. जुन्या, कमी क्षमतेच्या चक्क्या बदलण्याचं धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आलं. आणि जुलै २०२५ पासून टॉवर, ब्लेड, गिअरबॉक्स, जनरेटर हे मान्य यादीतल्या उत्पादकांकडूनच घेण्याची दिशा सरकारने धरली. माझ्या मते आपल्यासारख्यांना अनुदानापेक्षा हा नियम जास्त उपयोगाचा. अनुदान विकासकाकडे जातं. टॉवर इथे बनला तर शिडीचा पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, इथे येते.

समुद्राच्या कामात शिकायला मात्र खूप मिळतं, हे मनापासून सांगतो. जमिनीवरच्या शिडीला हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग केलं, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून थर दिला, आणि गेजवर थराच्या जाडीचे मायक्रॉन बरोबर आले की इन्स्पेक्शन पुढे सरकतं. समुद्राच्या सँपलला प्रत्येक कापलेली कड घासून गोल करावी लागली, कारण धारेवर पेंट पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग ब्लास्टिंग (कणांचा मारा करून पत्रा साफ करणं), कडांवर आणि वेल्डवर ब्रशने आधी एक हात, त्यानंतर स्प्रेचे थर, प्रत्येक थराची जाडी नोंदवलेली. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला पत्र्यावर दव धरतं त्यापेक्षा, किमान तीन अंश वर हवं. त्र्यंबकच्या बाजूने पाऊस भरून आला की आपल्या साध्या शेडमध्ये ते जमवणं फार कठीण. बंद पेंट बूथ नसेल तर त्याचा खर्च आधी धरा.

पण माझा निर्णय पेंटने केला नाही, कोटेशनच्या व्हॅलिडिटीने केला, म्हणजे दिलेला दर किती दिवस बांधून ठेवायचा याने. समुद्री प्रकल्पाची तयारी करणाऱ्या एका मोठ्या खरेदीदाराला आम्ही दर दिला होता. निविदेची तारीख पुढे गेली की त्यांची मेल यायची: जुन्याच दराने व्हॅलिडिटी वाढवून द्या. पत्र्याचा भाव तोवर हललेला, झिंकचाही हललेला. क्वांटिटी विचारली तर ‘नंतर कळवू’. बँकेत बूथसाठी कर्ज विचारलं तर मॅनेजरचा पहिला प्रश्न, ऑर्डर कुठे आहे? तामिळनाडूच्या ४ गिगावॅटची निविदा फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि गुजरातच्या ५०० मेगावॅटची त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. दोन्हींना मुदतवाढी मिळत गेल्या आणि २०२५ मध्ये दोन्ही रद्द झाल्या. तामिळनाडूच्या या ४ गिगावॅटला अनुदान नव्हतं, गुजरातच्या ५०० मेगावॅटला होतं. तरी शेवट एकच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जगातलं पहिलं समुद्री पवनक्षेत्र १९९१ मध्ये डेन्मार्कने उभारलं, आणि तिथेही डिसेंबर २०२४ च्या विनाअनुदान लिलावाला एकही बोली आली नाही. म्हणून समुद्राला सरकारचा हात हवाच, तो योग्यच आहे. पण त्या हातातून आपल्यापर्यंत काही यायला किती वर्षं लागतील, यावर छोट्या युनिटने कर्ज काढावं असं मला वाटत नाही.

जमिनीवरच्या कामातही पेमेंट रेंगाळतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा: लेखी करार असेल तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षअखेर थकलेला तो खर्च खरेदीदाराला आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही. मार्चमध्ये याचा फरक दिसतो. शिवाय साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर ब्रॅकेटचं भोक जुळत नसेल, तर सटाणा-पिंपळनेर मार्गे फिटर सकाळी निघून रात्री परत येतो. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या पिपावाव बंदराला ते जमणार नाही.

ज्यांच्याकडे ब्लास्टिंग आणि बंद बूथ आधीच आहे, केमिकल प्लांटचं किंवा बंदरांचं काम चालू आहे, त्यांनी समुद्राची व्हेंडर नोंदणी जरूर करावी. त्यांना वेगळा खर्च नाही. बाकीच्यांनी निदान कोटेशनमध्ये पत्र्याच्या भावाशी दर बांधणारं कलम घातल्याशिवाय व्हॅलिडिटी वाढवून देऊ नये.