सांध्यावर अडणाऱ्या बोटांसाठी हाताने घडवलेल्या उघड्या अंगठ्या – पावसाळ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव

ज्यांची अंगठी सांध्यावर अडते आणि कशीबशी आत गेली की मुळाशी गोल फिरत राहते त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मी घेण्याआधी शोधत होते तेव्हा "मस्त आहे, फोटोसारखीच आली" यापुढे कोणी काही सांगतच नव्हतं. माझ्या अनामिकेच्या मधल्या सांध्याला संधिवाताने गाठ आलीय. सोनाराकडच्या मापाच्या कड्या घालून बघितल्या तर सांध्याला 20 नंबर लागतो आणि मुळाशी 15. एक नंबर म्हणजे घेरात साधारण 1 मिलिमीटर, म्हणजे बघा किती फरक झाला! 20 ची घातली की नक्षी तळव्याकडे, 15 ची चढतच नाही. आतून दोन बारीक मणी झाळून घेतात तो उपाय फरक थोडा असेल तर चांगला आहे, पण एवढ्याला नाही पुरत.

म्हणून चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या एका कारागिराकडून दोन अंगठ्या करून घेतल्या, दोन्ही 92.5 टक्के शुद्ध चांदीत. एक रुंद पट्टीची, वर नक्षी आणि तळव्याच्या बाजूला उघडी, आपली जोडवी असतात तशी. दुसरी जाड तारेची, दीड वळशाची, टोकं एकमेकींच्या बाजूने पुढे जाणारी, जुन्या वेढण्यांच्या, म्हणजे तार वेढून केलेल्या अंगठ्यांच्या, वळणाची.

पट्टीवाली दिसायला जास्त देखणी, सगळे आधी तिचंच विचारतात. पण माझ्यासारखं बोट असेल तर ती रोज सांध्यावरून काढताना उघडावी लागते आणि मुळाशी नेल्यावर परत दाबावी लागते, आणि हा सगळा ताण फटीच्या बरोबर समोर, म्हणजे नक्षीखाली येतो. चांदी सारखी वाकवली की त्या जागी कडक होत जाते आणि मग तडकते. दिवाळीनंतर तिथे आतल्या बाजूने केसाएवढी चीर आली, डोळ्याला दिसायची नाही पण नख फिरवलं की अडकायचं. कारागिराने झाळून दिली, पैसेही घेतले नाहीत, पण झाळताना तापल्यामुळे चांदी इतकी मऊ झाली की बसमध्ये वरचा दांडा धरला तर अंगठी चपटी! मग कारागिराकडे परत नेऊन अंगठी घडवायच्या गोल दांडीवर चढवून लाकडी हातोडीने हलकं ठोकून घेतली तेव्हा कुठे जीव आला तिच्यात. आता ती मी करंगळीत घालते, तिथे गाठ नाही, एकदा बसवली की हात लावावा लागत नाही. तशा बोटाला ही पट्टी उत्तम आहे.

तारेची मात्र मनापासून आवडली. हिची तार घडवतानाच ठोकून कडक केलेली आहे त्यामुळे ती स्प्रिंगसारखी थोडी पसरते आणि आपली आपण परत बसते, शिवाय ताण एका जागी न येता सगळ्या वळशात वाटला जातो. घालताना ओढायची नाही, फिरवत फिरवत सांध्यावरून न्यायची, स्क्रू फिरवतो तशी. सकाळी उठल्यावर माझी बोटं आखडलेली असतात आणि आता उन्हाळ्यात दुपारी सुजतात पण, तरी रुतली असं एकदाही झालं नाही. माझी सोन्याची अंगठी गेल्या उन्हाळ्यात दोरा गुंडाळून काढावी लागली होती, ती भीती तरी आता गेली.

त्रास नाहीच असं नाही. दोन वळशांच्या मधे कणीक जाऊन बसते आणि वाळली की टूथब्रशशिवाय निघत नाही, त्यामुळे कणीक मळताना काढतेच. केस अडकतात, स्वेटरचे धागे ओढले जातात आणि जरीच्या पदराजवळ तर फारच सांभाळावं लागतं. चांदी काळी पडते ते सगळ्याच चांदीचं आहे, त्यात अंगठीचा दोष नाही. पण एक लक्षात ठेवा, गरम पाण्यात अॅल्युमिनियम फॉइल आणि खाण्याचा सोडा घालून चांदी चकचकीत करतात ना, ते नक्षीवाल्या ऑक्सिडाइज्ड अंगठीला करू नका, खाचेतला मुद्दाम ठेवलेला काळेपणाही निघून जातो आणि नक्षी एकदम सपाट दिसायला लागते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बास आहे.

आणि उघड्या अंगठीत खडा हवाच असेल तर तो जिथे वाकत नाही अशा जागी, म्हणजे टोकावर बसवून मागा. मधोमध बसवला तर प्रत्येक वेळी वाकताना खड्याची पकड ढिली होत जाणार. ऑर्डर देताना दोन्ही मापं सांगा, सांध्याचं आणि मुळाचं, आणि ती संध्याकाळी घ्या, सकाळच्या आखडलेल्या बोटावर नको. अंगठी रोज काढणार की घालून ठेवणार हेही आधीच सांगा, कारण तार किती जाड घ्यायची आणि किती कडक करायची ते कारागीर त्यावरून ठरवतो. फार पातळ पत्र्याच्या "फ्री साइज" अंगठ्या बाजारात ढीगभर मिळतात, पण गाठीच्या बोटाला त्यांच्यावर पैसे घालवू नका असंच सांगेन.

मधल्या बोटासाठी आता अजून एक तारेची सांगितलीय. तिची टोकं कानशीने नुसती घासून न देता वितळवून मण्यासारखी गोल करून द्यायला सांगितलंय, म्हणजे पदराला लागणार नाहीत.