बीटलच्या चासीवरची घरगुती ड्यून बग्गी: काही महिने वाळूत दामटल्यानंतरचा अनुभव

गाडी चालू होऊन आता बरेच महिने झाले. सुरुवातीच्या दिवसांत सगळंच भारी वाटतं त्यामुळे तेव्हा लिहिलं असतं तर नुसती वाहवा झाली असती, आता जे नट ढिले व्हायचे ते झालेत, जे गळायचं ते गळलंय, आणि कुठल्या कामावर घालवलेला वेळ सार्थकी लागला तेही कळलंय, म्हणून आता लिहितोय.

ड्यून बग्गी म्हणजे वाळूत पळवायची हलकी उघडी गाडी. माझी अशी आहे की फायबरची उघडी बॉडी, खाली कापून आखूड केलेली फोक्सवॅगन बीटलची चासी, मागे १६०० सीसीचं एअरकूल्ड इंजिन आणि स्विंग अ‍ॅक्सल (यात मागचा दांडा गिअरबॉक्सपाशीच हलतो, त्यामुळे चाक वर-खाली झालं की तिरकं होतं). आधी कुणीतरी घरीच बनवलेली आणि मग कित्येक वर्षं उघड्यावर पडून राहिलेली. मी ती पार शेवटच्या बोल्टपर्यंत खोलली आणि परत उभी केली.

हा प्रकार मुळात आला कुठून ते थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स नावाचा बोटी बनवणारा माणूस होता, फायबरचं काम हातात बसलेलं, त्याने १९६४ मध्ये मायर्स मँक्स नावाची पहिली बग्गी बनवली. पहिल्या गाड्यांना चासीच नव्हती, बॉडीच सगळा भार घ्यायची, पण ते महागात पडायला लागलं म्हणून पुढे बीटलची चासी कापून वर बॉडी ठेवायची पद्धत आली. बीटलचा व्हीलबेस ९४.५ इंच, त्यातून १४.५ इंच कापले की ८० इंच उरतो. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा भागातली पहिली मेक्सिकन १००० ही वाळवंटी रेस मँक्सने मारली आणि मग कॉपी करणाऱ्यांचा नुसता सुळसुळाट झाला, पेटंटची केस मायर्स हरला तो वेगळाच विषय. आज जगभर ज्या घरगुती बग्ग्या पडलेल्या सापडतात त्यातल्या बऱ्याच त्याच कॉप्यांच्या कॉप्या आहेत, माझीही त्यातलीच.

आता मुद्द्यावर येतो. इतके महिने चालवून माझं एक मत पक्कं झालंय. बीटल साधारण ८०० किलोची गाडी, बग्गी होते ५५०-६०० किलोची. म्हणजे स्प्रिंगा, शॉकअप, ब्रेक, टायरची हवा, सगळं ज्या वजनासाठी बनलं होतं ते वजनच गायब. लोक इंजिनवर पैसे ओततात, ट्विन कार्बोरेटर, मोठे बोअर वगैरे, आणि सस्पेन्शन आहे तसंच ठेवतात आणि मग म्हणतात बग्गी उड्या फार मारते. अरे मारणारच ना, स्प्रिंग तुझ्या गाडीची नाहीच आहे ती.

मागच्या बाजूचं सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त फरक पडला. बीटलला मागे गुंडाळीची स्प्रिंग नसते, आडव्या पाइपात एक जाड सळई असते, टॉर्शन बार, ती पिळली जाते आणि तीच स्प्रिंग. वजन कमी झालं की ती सळई गाडीला वर उचलून धरते आणि स्विंग अ‍ॅक्सल असेल तर मागची चाकं खालून आत आणि वरून बाहेर अशी फेंगडी उभी राहतात. फोटोत लई रुबाबदार दिसतं पण वळणावर मागचं चाक पोटाखाली दुमडल्यासारखं होतं आणि ते अजिबात गमतीचं नाही. उपाय म्हणजे सळईची सेटिंग बदलायची. तिच्या आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दात म्हणजे ९ अंश, बाहेरचा एक म्हणजे ८ अंशाच्या थोडं वर, त्यामुळे आतून एक दात एका बाजूला आणि बाहेरून एक दात उलट्या बाजूला फिरवला की फरक पडतो जेमतेम पाऊण अंशाचा. ज्याने हे डोकं लावलं त्याला सलाम. फक्त एक, सळईच्या बाहेरच्या टोकाला जोडलेली पाती स्टॉपवरून सोडवताना ती ताणलेली असते, खाली जॅक आणि साखळी लावल्याशिवाय हात लावू नका, पाय मोडेल. दोन्ही बाजूंचा कोन मोजून सारखा केला, चाकं जवळपास सरळ झाली, आणि तेव्हापासून गाडी वळणावर शहाण्यासारखी वागते.

पुढे पण तीच गोष्ट. पुढच्या बीमच्या दोन नळ्यांत पात्यांचे गठ्ठे असतात, त्यातली काही पाती काढली आणि शॉकअप मऊ घेतले. आधी छोट्या खड्ड्यातसुद्धा दात वाजायचे, आता वाजत नाहीत. कंबरेचा त्रास असणाऱ्यांनी तरीही लांबच राहावं.

ब्रेकचं ऐका. इंजिन मागे, पुढे जवळजवळ काहीच वजन नाही, त्यात चारही ड्रम बीटलचे, त्यामुळे सुट्या मातीवर जरा जोरात पेडल दाबलं की पुढची चाकं आधी जाम व्हायची आणि गाडी सरळ घसरत जायची, स्टेअरिंग कितीही फिरवा. पुढच्या लाइनमध्ये प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह टाकला आणि सुट्या मातीवर थोडं थोडं करत सेट केला, आता चारही चाकं बऱ्यापैकी एकत्र पकडतात. वाळूत स्टेअरिंग एरवीसुद्धा निम्मंच काम करतं. पेट्रोलची टाकी पुढे आहे त्यामुळे भरलेली टाकी आणि रिकामी टाकी यातला फरक हाताला कळतो, सांगून पटणार नाही पण कळतो.

वाळूत नुसत्या स्टेअरिंगवर भागत नाही म्हणून कटिंग ब्रेक. गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे, एक ओढला की फक्त डावं मागचं चाक धरतं, दुसरा ओढला की उजवं. उतारावरून वळताना डावा दांडा ओढला की गाडी जागच्या जागी डावीकडे नाक फिरवते. दुसरा उपयोग मला चालवताना कळला, एक चाक वाळूत नुसतं फिरत राहिलं की त्याच बाजूचा दांडा हलका ओढायचा, जोर दुसऱ्या चाकाला जातो आणि गाडी निघते बाहेर. सगळ्या गाडीत मी जे काही वरून लावलं त्यात ही वस्तू नंबर एक.

टायरची हवा वाळूत ८ ते १२ पीएसआय. हलकी गाडी असल्यामुळे चालतं. त्याच्या खाली नको, वळताना टायर रिमवरून सुटतो. आणि कडक जमिनीवर यायच्या आधी हवा भरायची, आळस करायचा नाही. मागचे टायर मोठे टाकले तरी स्पीडोमीटर बिघडत नाही कारण बीटलची केबल पुढच्या डाव्या चाकातून निघते, पण पुढचे बदलले तर आकडा चुकतो.

इंजिन. यावर लोक पानंच्या पानं लिहितात, माझं म्हणणं छोटं आहे, थंड ठेवा आणि स्वच्छ ठेवा. बग्गीत इंजिन उघडं दिसतं म्हणून बरेच जण आजूबाजूचे पत्रे काढून टाकतात, चकचकीत क्रोम दिसावं म्हणून. ते पत्रे शोभेचे नाहीत हो! सिलेंडरवरून खाली गेलेली गरम हवा परत वर येऊन पंख्याने ओढू नये म्हणून ते असतात. माझ्या गाडीत आधीच्या माणसाने अर्धे पत्रे गायब केलेले, ते शोधून शोधून परत बसवले, फटींना रबर लावलं, आणि नंतर भर उन्हात चढावर सुद्धा ऑइलचं तापमान आटोक्यात राहिलं.

दुसरं म्हणजे वाळू आणि ऑइल यांची युती. सिलेंडरच्या खालून पुशरॉडच्या नळ्या जातात, त्यांच्या सीलमधून जरा जरी ऑइल पाझरलं की त्याला वाळू चिकटते आणि सिलेंडरच्या पंखांमध्ये (थंड ठेवणाऱ्या पातळ कडांमध्ये) सिमेंटसारखा थर बसतो, बाहेरून दिसत पण नाही. मी दर वेळी वाळूतून आलो की टॉर्च घेऊन खाली झोपतो आणि ब्रशने ते साफ करतो, कंटाळवाणं काम आहे पण एअरकूल्ड इंजिनला रेडिएटर नसतो, ते पंखच रेडिएटर. हवेच्या फिल्टरचं पण तेच, ऑइल लावलेला फोमचा मोठा फिल्टर, आणि तो प्रत्येक वेळी धुवायचा.

ऑइल मावतं फक्त अडीच लिटर आणि जुन्या इंजिनला कागदी फिल्टरच नाही, खाली एक जाळी असते. सहा बारीक नट काढायचे, प्लेट खाली घ्यायची, जाळीत काय अडकलंय ते बोटाने चाचपून बघायचं, चमचम करणारा चुरा असेल तर पोटात गोळा येतो. परत बसवताना दोन्ही गास्केट नवी आणि ते सहा नट हलक्या हातानेच कसायचे, जोर लावला की स्टड मॅग्नेशियमच्या केसमधून आट्यांसकट बाहेर. ऑइल बदलायचा ५००० किमीचा आकडा पुस्तकातला, वाळूत मी त्याच्या निम्म्यातच बदलतो. टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट पण तेव्हाच बघून घेतो, इंजिन पूर्ण थंड, फट मोजायची ०.१५ मिमीची पट्टी म्हणजे फिलर गेज, एक नंबरच्या सिलेंडरपासून सुरू करून पुली अर्धा फेरा उलटी फिरवत गेलं की १, २, ३, ४ असा सरळ क्रम मिळतो, डोक्याला ताप नाही.

पंख्याच्या पट्ट्याचं मात्र लक्षात ठेवा. पंखा आणि डायनॅमो एकाच दांड्यावर, पट्टा तुटला की लाल दिवा लागतो आणि त्याच क्षणी कूलिंग पण बंद. नुसतं चार्जिंग गेलं असेल म्हणून पुढे जाऊ नका, तिथेच थांबा. पट्टा घट्ट करायला पुलीच्या दोन भागांमधली वायसर काढायची, काढलेली वायसर फेकायची नाही, बाहेरच्या बाजूला नटाखालीच ठेवायची, पुढच्या वेळी लागते.

वायरिंग. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर इंडिकेटरचा दिवा मिणमिणायचा आणि हेडलाइट पिवळट, हे सुरुवातीला मला भूतबाधाच वाटली. कारण साधं आहे, बीटलमध्ये पत्र्याची बॉडीच अर्थ असते, फायबरमधून करंट जात नाही, मग बिचारा दिवा अर्थ शोधत दुसऱ्या दिव्यातून फिरून येतो. आधीच्या वायरिंगमध्ये अर्थच्या वायरी जिथे सापडेल तिथे टोचलेल्या. ते सगळं उपटलं, बॅटरीपासून एक जाड वायर पुढे आणि एक मागे, तिथे पितळी पट्टी, आणि प्रत्येक दिव्याची स्वतःची काळी वायर त्या पट्टीवर. एक आख्खी सुट्टी गेली पण त्यानंतर इलेक्ट्रिकमध्ये एकदाही बोट घालावं लागलेलं नाही. पेट्रोलचे पाइप पण तेव्हाच सगळे नवे टाकले, आणि इंजिनवर डिस्ट्रिब्यूटरच्या डोक्यावर लटकणारा प्लास्टिकचा फिल्टर काढून गिअरबॉक्सच्या पुढे नेला. एअरकूल्ड गाड्यांना आग लागते ती बहुतेक वेळा इथूनच. फायर एक्स्टिंग्विशर हाताला लागेल असा लावा.

बॉडीचं काम वाटलं त्यापेक्षा सोपं पण किळसवाणं, फायबरची धूळ अंगभर खाजते, मास्क आणि लांब बाह्या पाहिजेतच. वरून नुसती पुट्टी भरलेल्या भेगा चालवताना परत उघडतात. भेग शेवटपर्यंत खरडून खालच्या चांगल्या थरापर्यंत जायचं आणि आतल्या बाजूने मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिनचे थर द्यायचे. हार्डनर एक ते दोन टक्के, जास्त टाकला की डबा हातातच गरम होतो. बॉडीच्या बोल्टखाली मोठ्या वायसर आणि बॉडी-चासीच्या मध्ये रबर, त्यानंतर बोल्टच्या भोकांभोवती नवी भेग आलेली नाही.

चासीचा जोड हा घरगुती गाडीतला सगळ्यात नाजूक विषय. जुनी कापलेली चासी घेत असाल तर रंग, टायर, क्रोम काही बघू नका, आधी टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजा. माझ्यात फरक निघाला, जोड तिरका मारलेला, गाडी कायम एका बाजूला ओढली असती. जोड परत कापून, जिगमध्ये (सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यात) बांधून, एका जाणत्या वेल्डरकडून करून घेतला, हे शिकाऊ हाताचं काम नाही. मधल्या बोगद्यातून क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या नळ्या जातात त्या सरळ रेषेत आल्या नाहीत तर पेडल आयुष्यभर जड राहतं. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा) चासीला, आणि सीटबेल्टचे पट्टे केजला किंवा चासीला. फायबरला पट्टा बोल्ट केलेली बग्गी दिसली तर त्यात बसूच नका.

रोजच्या वापराला म्हणून विचाराल तर नाही. दार नाही, छप्पर नाही, पाऊस आला की आंघोळ, वाळूत गॉगल नसेल तर डोळे गेले, आवाज इतका की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. घरच्यांना पहिल्या फेरीत मजा वाटली, नंतर "तू जाऊन ये" असं झालं. मला स्वतःला ती आवडते, पण आवड आणि सोय एक नाही.

जुनी घेणाऱ्यांसाठी अजून एक, रिम घ्यायच्या आधी ड्रम बघा, १९६७ पर्यंतच्या बीटलला पाच बोल्ट २०५ मिमीच्या वर्तुळावर, १९६८ पासून बऱ्याच मॉडेलना चार बोल्ट १३० मिमीच्या वर्तुळावर, एकाचं दुसऱ्याला बसत नाही. आणि मागच्या अ‍ॅक्सलचा तो ३६ मिमीचा मोठा नट, त्याला २१७ फूट-पाउंड लागतात, साध्या पान्याने होत नाही, लांब पाइप लावून होतं, नट सुटू नये म्हणून नवी पिन टाका आणि पहिल्या फेरीनंतर पिन काढून परत एकदा कसून बघा, माझा तेव्हा थोडा फिरला होता.