उकरलेल्या चिकण मातीत रान उभं करायचंय: खड्डे काढून रोपं की धूळपेर?

कालव्याच्या खोदाईची माती आमच्या दीड एकरावर पडली, त्याला सात वर्षं झाली. वरची काळी खाली गाडली गेली आणि खालची पिवळट, चुनखडीचे खडे असलेली चिकण वर आली. तिथे पीक घेण्याचा नाद सोडला. ससे, तित्तर, जमलं तर खोकड, यांच्यापुरतं रान होऊ द्यायचं ठरवलं. आमचा भाग नगरच्या कर्जतचा, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य याच तालुक्यातलं, म्हणजे रान म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं ते सांगायला नको.

निम्म्या जागेत दोन फुटी खड्डे काढून रोपं लावली, निम्म्यात बी टोकलं. कुंपण दोन्हींना एकच.

रोपांची बाजू आधी सांगतो, कारण पहिल्या वर्षी तीच जिंकत होती. पावसाळा संपताना ओळीत उभे कडुनिंब, करंज, सीताफळ. फोटो काढावा असं दृश्य. टोकलेल्या बाजूला तण आणि मी. पाहुणे आले की त्यांना रोपांकडेच न्यायचो.

पण त्या खड्ड्यांनी मला जेरीस आणलं. मुरमाड जमिनीत खड्ड्यातलं पाणी झिरपून जातं. चिकणीत खड्डा म्हणजे कढई. पोयटा आणि शेणखत घालून भरलेला, त्यामुळे आजूबाजूचं पाणीही तिथेच येऊन मुरतं आणि बाहेर जायला वाट नाही. श्रावणात रोपं पिवळी पडली. बेडकांची मात्र चंगळ. ते निभावलं, तर फाल्गुनात दुसरं टोक. माती आक्रसली, आणि भेग पडली ती नेमकी खड्ड्याच्या कडेने, गोल, जणू कुणी कंपासने आखून दिली. एका भेगेत काठी घातली तर कोपरापर्यंत हात आत गेला. दोन बादल्या पाणी ओतलं की घटाघटा खाली. रोपाच्या बुडाशी जेमतेम ओल. टँकरचे पैसे मी त्या भेगांना पाजले. तिसऱ्या उन्हाळ्यात वाळलेला एक कडुनिंब उपटला, तर मुळं अजून पिशवीच्याच आकारात गुंडाळलेली. बाहेरच्या चिकणीत एक मूळ शिरलं नव्हतं.

टोकणीत हा प्रकारच नाही, कारण खड्डा नाही. बी जिथे उगवतं त्याच मातीत सोटमूळ खाली जातं. भेगा पडतात, पण त्याच्याभोवती गोल नाही. चिकणीत अडचण वेगळी: पाऊस झाला की चपलेला किलोभर चिखल लागतो, वाफशाची, म्हणजे पेरण्याजोगी माती सुकण्याची, वाट बघता बघता पंधरवडा जातो. म्हणून उतारावर आडवे वरंबे काढून मृगाच्या आधीच धूळपेर केली, म्हणजे कोरड्या मातीतच बी टोकलं. बाभूळ, हिवर, बोर, पळस, तरवड. एकेका जागी दोन-तीन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. बोराची आठळी हलकेच फोडून घेतली. वरंब्यांच्या मध्ये मारवेलची ठोंबं, कारण या जातीच्या मातीत ते गवत छान धरतं.

तोटेही आहेत, आणि ते लपवत नाही. मुंग्या बी नेतात, तित्तर उकरतात (ज्यांच्यासाठी खटाटोप तेच!), पळसाच्या कितीतरी जागा रिकाम्या राहिल्या. पहिली दोन वर्षं शेजारी विचारायचे, ‘पडीक ठेवलंय का?’ वेड्या बाभळीचं रोप कोवळं असतानाच उपटावं लागतं, नाहीतर तीच सगळं बळकावते. नुसतं कुंपण घालून सोडून द्या म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

मी मोजमाप केलेलं नाही, त्यामुळे ठाम बोलत नाही. तुमच्याकडे रोज पाणी घालणारा माणूस असेल, जागा घराजवळची असेल, तर रोपं वाईट नाहीत. फक्त खड्ड्यात न लावता मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. वड, उंबर यांचं बी खसखशीएवढं, ते टोकून भागणार नाही. तिथे रोपंच हवीत. आणि आमच्यासारख्या माळरानाच्या पट्ट्यात झाडांची गर्दी करूच नये असं मला वाटतं. चंडोल, धाविक या पक्ष्यांना उघडं गवत लागतं. मारवेल मी दिवाळीपर्यंत कापत नाही. गेल्या भाद्रपदात त्यातून तित्तराची मादी पाच पिल्लं घेऊन निघाली, रोपांच्या बाजूला वळलीसुद्धा नाही.

करणारच असाल तर बाभळीचं बी विकत घेऊ नका. शेळ्या शेंगा खातात आणि रवंथ करताना बिया थुंकतात; त्या बिया गरम पाण्यात न भिजवताही बऱ्या उगवतात. शेळीवाल्याशी वैशाखातच बोलून ठेवा. पाऊस लागला की वाडा झाडला जातो आणि लेंड्यांबरोबर बियाही उकिरड्यावर जातात.