मिथाइल की इथाइल? ४-फ्लोरोबेंझोएट मागवण्यापूर्वी

पाइपरेझिन किंवा मॉर्फोलिन (दोन्ही अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेली संयुगं) बेंझिनच्या वलयावर बसवायचं असेल, तर ४-फ्लोरोबेंझोएट हा भरवशाचा कच्चा माल. पण यादीत तो दोन रूपांत असतो, मिथाइल एस्टर आणि इथाइल एस्टर (एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेलं संयुग). फरक एका कार्बनचा. तरी प्रयोगशाळेत दोन्हींचं वागणं बरंच वेगळं असतं.

अमाइन जोडायची असेल तर मी इथाइल घेते. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, हा द्रावक), पोटॅशियम कार्बोनेट (हा अल्क), १०० ते १२० अंश तापमान, बहुधा रात्रभर. एस्टर गट वलयातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून त्याच्या समोरचा फ्लोरिन अमाइनला जागा करून देतो. (चुकून ३-फ्लोरो मागवू नका. त्या जागेवर हा ओढा पोचत नाही.) अडचण पाण्याची आहे. डीएमएसओ हवेतली ओल पटकन शोषतं, आणि गरम, अल्कधर्मी, ओलसर मिश्रणात एस्टर तुटून आम्लाचा क्षार होतो. या क्षाराचा ओढा एस्टरपेक्षा फारच कमी, त्यामुळे तेवढ्या मालावरचा फ्लोरिन निघतच नाही. मिथाइल एस्टर इथाइलपेक्षा लवकर तुटतो, म्हणून हे नुकसान त्यात जास्त.

पुढच्या पायरीत एस्टर तोडून आम्लच हवं असेल आणि द्रावक नीट कोरडा असेल, तर मात्र मिथाइल घ्या. मिथाइलचा रेणुभार १५४, इथाइलचा १६८. म्हणजे एका किलोत मिथाइलचे सुमारे ६.५ मोल (मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या) आणि इथाइलचे ५.९५ मोल येतात. भाव किलोवर पाहू नका, मोलवर काढा.

अल्कोहोलशी जोडीही जुळवा. मेथॅनॉलमध्ये मेथॉक्साइड (मेथॅनॉलपासूनचा अल्क) वापरणार असाल तर मिथाइल, इथॅनॉल असेल तर इथाइल. नाहीतर दोन्ही एस्टरांची खिचडी होते, आणि टीएलसीवर (अभिक्रिया तपासायची पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) दोन्ही ठिपके जवळजवळ एकमेकांवर बसतात.

इथाइल २५ ते २७ अंशांना वितळतं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात बाटली दगडासारखी घट्ट होते. मिथाइल ५ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून ते बारा महिने ओतता येतं. इथाइल अर्धवट गोठलं असेल तर वरचा द्रव काढून वापरू नका, अशुद्धी त्या द्रवातच साठते. बाटली ४० अंशांच्या पाण्यात ठेवून सगळं वितळू द्या, हलवा, मग मोजा.

हाताळणी दोन्हींची सारखीच. डोळे, त्वचा आणि श्वसनमार्ग चुरचुरतात, तेव्हा काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट), चष्मा आणि नायट्रिलचे हातमोजे घालून. डीएमएसओ विरघळलेलं रसायन कातडीतून आत नेतं, म्हणून हातमोज्यावर थेंब पडला की हातमोजा लगेच बदला. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) ८० अंशांच्या आसपास आहे. टेबलावर धोका कमी, पण १२० अंशांच्या फ्लास्कजवळ उघडी ज्योत नको. आग लागलीच तर धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो.

खरी भीती अभिक्रियेनंतरच्या पाण्याची. त्यात पोटॅशियम फ्लोराइड उतरलेलं असतं. त्यावर आम्ल ओतलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते काच खातं, आणि त्याचा घाव सुरुवातीला दुखत नसला तरी खोल जातो. म्हणून एस्टर आधी वेगळा काढा, पाण्याने धुवा आणि मगच तोडा. उरलेलं पाणी अल्कधर्मीच ठेवून त्यात कॅल्शियम क्लोराइड घाला, बहुतेक फ्लोराइड साक्याच्या रूपात खाली बसतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल (या आम्लाच्या घावावर लावायची) हूडशेजारीच असू द्या, कुलपातल्या कपाटात नको.