एलान (ELAN) सॉफ्टवेअर: कौन्सेलिंगची रेकॉर्डिंग तपासायला चार महिने वापरलं
कौन्सेलिंगचा कोर्स करतेय, त्यात प्रॅक्टिस सेशन रेकॉर्ड करून स्वतःच तपासायचं असतं, समोर बॅचमेटच असते आणि तिला विचारूनच रेकॉर्ड करते. आधी एका ट्रान्सक्रिप्शन ॲपवर टाकून बघितलं. मराठी बऱ्यापैकी लिहिलं त्याने पण सगळे 'हं', 'अं', अर्धवट सोडलेली वाक्यं साफ करून टाकली, गप्प बसलेला वेळ तर कुठेच नाही, आणि आम्हाला नेमकं तेच बघायचं असतं! वर ऑडिओ त्यांच्या सर्व्हरवर जातो, ते मला फार खटकलं.

मग मॅडमनी एलान सांगितलं. नेदरलँड्सच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटने भाषेच्या अभ्यासासाठी बनवलंय, पूर्ण फुकट, नेट बंद ठेवलं तरी लॅपटॉपवर चालतं. आवाजाची लाट दिसते आणि तिच्याखाली टियर, म्हणजे पट्ट्या. एक माझी, एक तिची, तिसरी मी शांततेसाठी केली.

पहिल्याच सेशनमध्ये ती म्हणाली, "आजी गेल्यापासून घरी ना..." आणि थांबली. माझ्या आठवणीत मी तिथे चांगली धीराने थांबले होते. लाटेवर मोजलं तर दीड सेकंद. दीड! लगेच माझं "म्हणजे तुला एकटं वाटतं का?" आणि त्याच्या जस्ट आधी तिने श्वास घेतलेला ऐकू येतो, ती बोलणारच होती गं. पाच-सहा वेळा ऐकलं, रडू आलं, दुसऱ्या दिवशी तिला सॉरी म्हटलं.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणजे समोरच्याला बदलासाठी स्वतःची कारणं सापडायला मदत करणारी बोलण्याची पद्धत. ती तपासायच्या 'मिटी' (MITI) पद्धतीत एका प्रश्नामागे दोन रिफ्लेक्शन, म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं, असतील तर चांगलं धरतात. माझे प्रश्न ३१, रिफ्लेक्शन ९. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी १९४२ च्या कौन्सेलिंगवरच्या पुस्तकात अख्खी केस रेकॉर्डिंगवरून शब्दशः छापली, तो खटाटोप कशासाठी होता ते आत्ता कळलं मला.

वेळ मात्र जातो, दहा मिनिटांच्या ऑडिओला मला अडीच तास लागतात. आवाजाचा चढउतार (पिच) बघायला ॲमस्टरडॅम विद्यापीठातलं प्रात (Praat) हे सॉफ्टवेअर पण घ्या, तेही फुकट, फक्त आवाज खाली आला म्हणजे माणूस दुःखीच आहे असं लगेच ठरवू नका, दमलेला पण असू शकतो.

आणि दोघांना वेगवेगळे कॉलर माइक लावा, एकाच फोनवर रेकॉर्ड केलं की एकमेकांवर चढलेले आवाज वेगळे करताना जीव जातो.