बाबाची भरमार रिपेअर करून आणली, दुकानाबद्दल सांगतो

राजेहो, ज्याच्या घरी पीक राखणीच्या लायसनवरची जुनी ठासणीची बंदूक आहे (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे टाकून गजानं, म्हणजे लांब सळईनं, ठासायची), भरमार म्हणतो आपण तीच, त्यानं हे पूर्ण वाचा. आमचं वावर चांदूर रेल्वेकडं, पोहऱ्याच्या जंगलाच्या कडेले. सोयाबीन, तूर, मग हरभरा. रोही (नीलगाय) आणि डुकरं धुऱ्यावरून (बांधावरून) रोज येतात, झटका मशीन लावली तरी डुकरं खालून तार उकरून घुसतातच. बाबाचं वय 70 च्या वर गेलं म्हणून मागच्या वर्षी लायसन माझ्या नावावर झालं, आणि बंदूक पाहतो तर घोडा ढिला, निपल (ज्यावर ठिणगी देणारी टोपी बसवतात ते) जाम, दस्त्याले भेग.

पहिले एका जणाकडं नेली होती, नाव घेत नाही. त्यानं 500 रुपये घेतले, वरून पॉलिश मारलं आणि वापस दिली. नळीत वाकूनसुद्धा पाहिलं नाही. हे किती डेंजर होतं ते मले नंतर समजलं.

मग अमरावतीतल्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथल्या कारागिरानं बंदूक हातात घेतल्याबरोबर घोडा उचलून टोपी नाही ना ते पाहिलं, नळीचं तोंड भिंतीकडं केलं आणि गज आत सोडला. रिकाम्या नळीत गज पडला की लोखंडावर लोखंड, टण्ण वाजतं. इथं थप्प झालं, पोत्यावर काठी मारल्यासारखं. त्यानं तोंडापाशी गजावर खडूची खूण केली, गज काढला आणि नळीच्या बाहेरून लावून दाखवला. निपलच्या चार बोटं अलीकडंच गज संपला. म्हणजे चार बोटं बार (दारू-छर्रे) आतमंदी भरलेला!

खरं सांगतो, पाय लटपटले माझे. हीच बंदूक आमच्या घरात मायच्या खाटेवरच्या खुंटीले लटकलेली, पोरं सणासुदीले खाली काढून घोडा ओढून पाहायचे. कारागीर म्हणाला, "दादा, काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं मरत नाही, फक्त टोपी नव्हती म्हणून वाचले तुमी." मग त्यानं नळीत पाणी भरून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाले पेचाची आकडी लावून सगळं ओढलं. सुतळीचा बोळा, छर्रे, काळा चिखल, आणि सगळ्यात खाली धोतराची चिंधी. बाबाले दाखवली तर ते बराच वेळ चिंधीकडं पाहत राह्यले, मग म्हणाले, "त्या साली आपल्याकडं जवारी होती." जवारी आमच्याकडं डुकरांपायीच बंद झाली, तेव्हा किती वर्षं झाली असतील याचा तुमीच हिशेब करा.

काम चोख केलं. निपल नवीन, घोड्याची स्प्रिंग नवीन, नळीच्या मागची डाट (बूच) काढून नळीत लाईट टाकून खड्डे आहेत का ते मले स्वतःच्या डोळ्यानं पाहायले लावलं. एकूण 3,800 रुपये घेतले, मले जास्त वाटले नाहीत. पण टाईमच्या बाबतीत दुकान ढिलं आहे, 8 दिवस सांगून 26 दिवस लावले, फोन उचलत नाहीत, मी दोन चकरा फुकट मारल्या आणि तोवर हरभरा घाट्यावर आला होता.

आवडलं ते असं की नाही म्हणायचं तिथं ते स्पष्ट नाही म्हणतात. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता, अमेरिकेत शेतकरी ठासणीच्या रायफलीनं ग्राउंडहॉग मारतात, वावरात बिळं खोदणारा गुबगुबीत प्राणी आहे तो, हिवाळाभर बिळातच झोपून राहतो. त्यांच्या नळीत आतून पेच पाडलेले असतात, शिशाची गोल गोळी तेलकट कापडाच्या चकतीत ठेवून ठासतात, ती फिरत जाते म्हणून लांबवर नेम लागतो. मी म्हटलं आपल्या नळीत असे पेच पाडून देता का? ते म्हणाले, लायसनवर जे लिहिलं तेच राहील, नळीले हात लावणार नाही. बरोबरच आहे. 1959 च्या आर्म्स ॲक्टमंदी पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक वेगळी लिहून दिली आहे, ती राखणीसाठीच. डुक्कर असो की रोही, मारायचं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं वन खात्याची परवानगी पाहिजे. जागलीले मले नुसता आवाज पाहिजे, एक कोरा बार (छर्रे न टाकता नुसती दारू) काढला की अर्धी रात्र कळप धुऱ्याच्या पलीकडं राहतो.

आणि धुणं शिकवलं ते तर पैशाच्या वर झालं. सोरा, गंधक, कोळशाची दारू जळून जी काजळी राहते ती हवेतलं पाणी ओढते, एक रात्र तशीच ठेवली की नळीत गंज. नळी दस्त्यापासून काढायची, निपल काढायचं, खालचं टोक उकळत्या पाण्याच्या बादलीत, आणि गजाले चिंधी बांधून पिचकारीसारखं पाणी वरखाली ओढायचं. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघते आणि सडक्या अंड्यासारखा वास मारते, मायनं मले बादली घेऊन अंगणात हाकललं. पाणी साफ येईपर्यंत हेच करायचं, नळी गरम असते म्हणून आपोआप वाळते, मग तेलाचा हात. कारतूसातली दारू मात्र यात कधीच भरायची नाही, नळी फुटून बोटं जातात, हे त्यांनी मले तीनदा सांगितलं.

जाणार असाल तर ओरिजनल लायसन घेऊन जा, झेरॉक्सवर ते बंदुकीले हात लावत नाहीत, रजिस्टरमंदी नोंद करतात आणि मगच पावती देतात. सोमवारी बंद असते. आणि घरून निघायच्या आधी टोपी नाही ते पाहून, तोंड कोणाकडं न करता, एकदा गज टाकून आवाज ऐका.