वयस्क जाणता घोडा की स्वस्तातला तरणा?

हातात पैसे थोडे असले की बहुतेकदा दोन प्रकारचे घोडे समोर येतात. एक 15 ते 18 वर्षांचा, खोगिराखाली आयुष्य काढलेला. दुसरा तीन-चार वर्षांचा, जेमतेम खोगीर चढलेला.

नवख्या स्वारासाठी मी बिनदिक्कत वयस्क घोड्याच्या बाजूने आहे. घोडा 25 ते 30 वर्षं जगतो. सोळाव्या वर्षी तो संपलेला नसतो. हॉर्न, अंगावर येणारं कुत्रं, फडफडणारं प्लास्टिक, सगळं त्याने पाहिलेलं असतं. तरणा बिचकतो, उधळतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आणि शिकवणाऱ्याचे पैसे धरले की त्याची स्वस्ताई उरत नाही. घरात अनुभवी स्वार असेल तरच त्याचा विचार करा.

वयस्क घोड्याचा खर्च सांधे, दात आणि मऊ खुराक यांवर होतो. सकाळी थोडा आखडणारा, चालल्यावर मोकळा होणारा घोडा हलक्या रपेटीला मला चालतो, पण पशुवैद्याने पाहिल्यावरच. लंगडणारा नको.

बघायला जाताना घोड्यावर आधीच खोगीर चढवून ठेवू नका, असं मालकाला सांगा. घोड्याला मोकळ्यावर पकडणं, चारही खूर उचलू देणं, रिकिबीत पाय टाकताना स्थिर उभं राहणं हे स्वतः बघा. आधी मालकाने बसून दाखवावं. अंगावर वाळलेला घाम दिसला तर घोडा दमवून शांत केलेला असू शकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. रक्ततपासणी टाळू नका. गुंगीच्या औषधानेही घोडा गरीब वाटतो आणि वेदनाशामकाने लंगडणं लपतं.